किल्लारीनंतर मातीचं घर: मामांना काय सांगायचं?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई. आम्ही औसा तालुक्यातले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, मिस्टर शेती बघतात. शेतात घर बांधायचं ठरलंय. गावातल्या स्लॅबच्या घरात एप्रिल-मेमध्ये रात्री बारापर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. शेततळं खोदलं तेव्हाचा मुरूम ढिगानं पडलाय, जुन्या गावठाणात आमच्या पडक्या वाड्याचे घडीव दगड आहेत. सिमेंट कमीत कमी वापरून आपल्याच माती-दगडात बांधावं असं आम्हा दोघांना वाटतं. पण सासरे ऐकूनच घेत नाहीत. भूकंपात त्यांची आई आणि धाकटी बहीण भिंतीखाली गेली. ते म्हणतात, ‘तुम्ही खुशाल बांधा, मातीच्या घरात मी पाय ठेवणार नाही.’ मिस्त्री म्हणतो, ‘मॅडम, कॉलम-बीम नसेल तर मी जबाबदारी घेत नाही.’ रान काळं आहे, एका कडेला थोडं मुरमाड, हलकं बरड. आमचा हट्ट चुकीचा आहे का?
— एक सून, औसा तालुका

उत्तर

ताई, तुमचा हट्ट चुकीचा नाही. पण आधी मामांबद्दल, म्हणजे तुमच्या सासऱ्यांबद्दल लिहिते, कारण तुमच्या घराचा नकाशा तिथूनच सुरू व्हायला हवा.

मामांचं भय ऐकीव नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले, चार वाजायला काही मिनिटं कमी. 6.2 तीव्रतेचा धक्का बसला आणि किल्लारी-सास्तूर पट्ट्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. तोवर भूकंपाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 मध्ये तो झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आला. ज्यांनी आपली माणसं ढिगाऱ्यातून काढली, त्यांना ‘मामा, आता तंत्र पुढं गेलंय’ एवढं सांगून भागणार नाही. त्या रात्री घरं का पडली, हे त्यांच्यापाशी बसून बोलावं लागेल.

आपल्याकडची जुनी दगडी भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती. बाहेरच्या अंगाला घडीव दगड, आतल्या अंगाला ओबडधोबड, आणि मध्ये कपच्या अन् चिखलाचा भराव. दोन-अडीच फूट रुंद भिंत बघून वाटतं, हिला काय होणार आहे. पण बाहेरचा थर आतल्या थराला कुठंच धरून नसतो. जमीन हलली की दोन्ही थर सुटतात, मधला भराव खाली सरकतो आणि पाचर ठोकल्यासारखा दोन्हीकडून भिंत फोडतो. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसतील तर प्रत्येक भिंत आपापल्या दिशेनं जाते.

वरून माळवद. तुळया, त्यावर कड्या, त्यावर चिपाट्या आणि मग माती. माळवद गळायला लागलं की मृगाच्या आधी खारी माती आणून अंथरायची, ही आपली वर्षानुवर्षांची रीत. आधीचा थर कोणी काढत नव्हतं. आजोबांनी टाकलेल्या मातीवर बापानं टाकली, बापाच्या मातीवर मुलानं. असं करत काही घरांवर दोन फुटांपर्यंत माती चढली. हिशेब करून बघा: दहा बाय बाराची खोली, दोन फूट माती, वजन दहा टनांच्या वर. त्याच खोलीवर साडेचार इंचाचा सिमेंटचा स्लॅब टाकला तर सव्वातीन टनांच्या आसपास भरतो. ज्या घरांत छताचा भार लाकडी खांबांवर होता, तिथं काही ठिकाणी भिंती कोसळूनही सांगाडा उभा राहिला. जिथं तो भार थेट त्या फुटणाऱ्या भिंतींवर होता, तिथं झोपलेल्या माणसाला उठायलाही वेळ मिळाला नाही.

तेव्हा मामांचं म्हणणं मान्य करा. तसं घर पुन्हा बांधायचं नाही. तुम्ही बांधाल त्या घरात माती असेल, पण वर मातीचा डोंगर नसेल, थर सुटणारी भिंत नसेल, आणि घराभोवती जागोजागी काँक्रीटचे कमरपट्टे असतील. हे त्यांना कागदावर दाखवा. त्यांनाच विचारा, कुठली भिंत आधी पडली, छत कुठून बसलं. त्यांना बोलायचं नसेल तर विषय तिथंच सोडा, घाई करू नका. वाड्याच्या दगडांचंही तेच. घडीव काळा दगड पायाला आणि जोत्याला याहून चांगला मिळणार नाही, नव्यानं खाणीतून काढून घडवून घ्यायचा तर पैसाही जातो आणि डिझेलही. पण ज्या दगडांखाली आई गेली ते दगड उचलायचे की नाही, हे मामा ठरवतील. ते नको म्हणाले तर नको.

आता जागा. काळ्या रानात घर बांधायचा विचार मनातून काढून टाका. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वैशाखात एवढी आकसते की भेगेत हात जातो. तिच्यावरची भिंत मातीची असो नाहीतर सिमेंटची, दरवर्षी वर-खाली होते आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी तडकते. तुमच्याकडं बरडाची कड आहे, तीच घराची जागा. पिकाची जमीनही वाचते. तिथं पाया मुरमापर्यंत न्या. चार-पाच फुटांवर मुरूम लागला तर वरची काळी सगळी काढून शेतात पसरा आणि जोत्यात भराव मुरमाचाच घाला. पाच फूट खोदूनही काळीच लागत असेल तर जागा बदला, किंवा इंजिनिअरकडून खाली फुगीर बुंधा असलेल्या पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल ओतलेल्या काँक्रीटच्या खांबांचा, पाया करून घ्या. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तो अशाच फुगणाऱ्या जमिनीसाठी विकसित केला. जोत्याची उंची दोन फुटांपेक्षा कमी नको. घराभोवती चार फुटी शहाबादी फरशीचा उतार करा. न्हाणीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका, ते पाइपानं लांब परसबागेत सोडा. मातीच्या घराचा खरा वैरी पाणी. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस कसा कोसळला ते तुम्ही पाहिलंयच, त्यामुळं या कामात काटकसर करायची नाही.

शेततळ्याचा मुरूम ही तुमची मोठी ठेव आहे. वाळू नदीतून उपसावी लागणार नाही आणि ट्रकभाडंही नाही. फक्त तो भिंतीला चालतो का, ते तपासून घ्या. वरची फूटभर काळी सोडा, खालचा मुरूम चाळा आणि काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा भरा. पाणी आणि चिमूटभर मीठ घालून खळखळून हलवा आणि ठेवून द्या. मिनिटाभरात खाली बसते ती रेती आणि खडे. तासा-दोन तासांत त्यावर बसतो तो बारीक गाळ. दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यात तरंगत राहून शेवटी वर साय धरते ती चिकणमाती. पट्टी लावून थर मोजा. खालचा रेतीचा थर निम्म्याहून बराच जास्त, दोन तृतीयांशाच्या आसपास, आणि चिकणमाती दहा-पंधरा टक्के असेल तर यंत्रात दाबून ठोकळे पाडायला माती उत्तम. चिकण कमी पडली तर थोडी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची, पडक्या भिंतींची पांढरट माती मिसळा. जास्त झाली तर कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा टाका. हे काम शाळेतल्या पोरांनाही दाखवण्यासारखं आहे.

पांढरीबद्दल एक कळकळीची विनंती. गावाशेजारच्या टेकाडातून, पडक्या गढीतून ट्रॉली भरून पांढरी आणायची सवय आपल्याकडं आहे. तेर, पैठणसारख्या गावांच्या पांढरीत सातवाहन काळापासूनचे थर दबलेले आहेत, आणि लहान गावांच्या टेकाडांतही जुनी वस्ती निघते. तिथं फावडं लावू नका. स्वतःच्या पडक्या भिंतीची पांढरी असेल तेवढी वापरा. तलावाचा गाळ कोणी सुचवेल, तोही नको. तो काळ्याचाच भाऊ आहे, त्याची जागा शेतात.

भिंत कशाची? साध्या कच्च्या विटेच्या भिंतीचे नियम कडक आहेत. भारतीय मानक 13827 हे खास मातीच्या घरांसाठीच लिहिलेलं आहे. त्यात कच्च्या विटेच्या भिंतीची उंची जाडीच्या आठपटीच्या आत सांगितली आहे, म्हणजे दहा फूट उंचीला सव्वा फुटाची भिंत. दार-खिडकी चार फुटांपेक्षा रुंद नको आणि बाहेरच्या कोपऱ्यापासून चार फूट आत हवी. तुम्हाला मी दाबीव ठोकळे सुचवेन. हातयंत्रात मुरमाची माती सहा-सात टक्के सिमेंट घालून दाबायची. ठोकळा आठ-साडेआठ किलोचा धरला तर पन्नास किलोच्या एका पोत्यात शंभराच्या आसपास पडतात. ओल किती हवी ते असं बघा: मुठीत गोळा वळून छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर बरोबर, चपटा झाला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. ठोकळे सावलीत रचून, पोती टाकून तीन ते चार आठवडे ओले ठेवायचे. इथंच लोक घाई करतात. आठ दिवसांत बांधकामाला घेतलेला ठोकळा पहिल्या पावसात कडा सोडतो, आणि मग गावभर होतं की मातीचं घर टिकत नाही.

जोत्याची दगडी भिंत चुन्यात किंवा सिमेंटमध्ये बांधा, आणि तिथं आरपार दगड सोडायचाच नाही. दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोचणारा अखंड दगड. तेवढा लांब दगड नसेल तर तिथं काँक्रीटचा तुकडा ओता, मध्ये सळई घालून. मामांना हा दगड हातानं दाखवा. त्यांच्या वाड्याच्या भिंतीत नव्हता तो हाच.

त्यावर पट्टे. जोत्याला एक, दार-खिडक्यांच्या डोक्यावर एक, छताखाली एक. तीन इंच जाडीचं काँक्रीट, आत दोन सळया, घराला चारी बाजूंनी न तुटता फिरलेलं. कोपऱ्यात आणि दाराच्या कडेला पायापासून छतापर्यंत उभी सळई. सिमेंट-लोखंड इथं हवंच, इथं मी एक पोतंही वाचवू देणार नाही. सळई आपल्या जालन्यात तयार होते, दूर जायची गरज नाही. मिस्त्री ‘कॉलम-बीम’ म्हणतो तेव्हा त्याला हीच बांधणी हवी असते. एकमजली घरात ती पट्ट्यांनी मिळते. लातुरातल्या एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशा तपासून सही घ्या. मिस्त्रीचं ओझं उतरेल आणि मामांनाही बरं वाटेल.

छताबद्दल शहरातले लोक सांगतील, कौलं घाला. कौलारू छत हलकं असतं, पण आपल्याकडं उन्हाळ्यात झोपायला आणि कुरडया-पापड, डाळी वाळवायला गच्ची लागते. दोन खोल्यांवर फिलर स्लॅब टाका. स्लॅबच्या वरच्या अंगाला दाब असतो, तो काँक्रीट पेलतं. खालच्या अंगाला ताण असतो, तो सळई पेलते, आणि तिथलं काँक्रीट बहुतेक ठिकाणी सळईला धरून ठेवण्यापुरतंच असतं. त्या जागी सळयांच्या चौकोनात जुनी कौलं जोडीनं पालथी घालून मग काँक्रीट ओततात. काँक्रीट वाचतं, वजन घटतं आणि कौलांमधली हवा उष्णता अडवते. वर विटांच्या तुकड्यांचा चुना-कोबा आणि त्यावर दर उन्हाळ्यात पांढरा चुना मारा. फाल्गुनात चुन्याचा हात बसला की दुपारच्या तापण्यात फरक पडतो. ओसरीवर मात्र लाकूड आणि कौलं चालतील. आसपास जुने वाडे मोडताहेत, सागवान चांगलं मिळतं. वाळवी लागलीय का ते टोचून बघून घ्या.

गिलाव्यात लोक सगळ्यात जास्त चुकतात. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारू नका, कोणी कितीही सांगो. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडू शकत नाही, आतून माती कमकुवत होते आणि एक दिवस गिलाव्याचा पापुद्रा फळीसारखा सुटून येतो. आतून माती, गव्हाचा भुसा आणि शेण दहा-बारा दिवस मुरवून लावा. बाहेरून चुन्याचा हात. अजिंठ्याची चित्रं ज्या गिलाव्यावर आहेत, तो माती आणि वनस्पतींच्या धाग्यांचाच आहे, वर चुन्याचा पातळ थर. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात तर गांजाच्या झाडाचे तंतू सापडल्याचं 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं गेलं. ही लेणी काही उघड्या पावसात नाहीत हे खरं, म्हणून तुमच्या भिंतीवर दोन-अडीच फुटांचं पुढं आलेलं छज्जं हवं. न्हाणी आणि संडासाला मातीच्या ठोकळ्यांचा हट्ट धरू नका. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या विटा तिथं वापरा.

तुम्ही सिमेंटविषयी लिहिलंय म्हणून एवढंच सांगते. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड दगडातूनच सुटतो, भट्टीत कोळसा जाळला तो वेगळा. म्हणजे उद्या भट्टी सूर्याच्या उष्णतेवर चालवली तरी हा वाटा सुटायचाच. जगातल्या एकूण कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. एका पोत्यामागे तीस ते पंचेचाळीस किलो धरा, त्यात राख किती मिसळली आहे त्यावर आकडा खालीवर होतो. चुनाही भाजावा लागतोच, पण भिंतीवर बसल्यावर तो हवेतला वायू थोडा परत घेतो. सगळं सिमेंट टाळायचं असा माझा आग्रह नाही. पट्ट्यांत, छतात, ठोकळ्यांत लागेल ते लागू द्या. भिंत, गिलावा, जोत्याचा भराव यांत जे सवयीनं ओतलं जातं, तेवढं टाळलं तरी पोती बरीच कमी होतील.

खर्चाबद्दल खोटी आशा लावत नाही. माल स्वस्त पडतो, मजुरी वाढते. माती चाळणं, ठोकळे पाडणं, चुना मळणं हे हातांचं काम आहे, बेरजेत फार फरक पडेलच असं नाही. मात्र तो पैसा तालुक्यातच राहतो. दगड घडवणारे वडार कारागीर मिळाले तर त्यांना दिवसाच्या हजेरीवर बोलवा, ठेक्यावर नको. घाईत आरपार दगड सोडला तर बाहेरून कुणालाच कळत नाही.

मिस्त्रीला एकदम घराचं काम देऊ नका. आधी गोठ्याची एक भिंत त्याच्याकडून बांधून घ्या, पट्ट्यासकट. तिच्यावर एक पावसाळा जाऊ द्या. मामांना रोज गोठ्यात जावंच लागतं, भिंत त्यांच्या डोळ्यांसमोर राहील. त्यांनी काठीनं ठोकून बघितली तरी बघू द्या.

वेळापत्रक असं ठेवा. या पावसाळ्याच्या आत गोठ्याची भिंत. दिवाळीनंतर विहिरीला पाणी असतं तेव्हा ठोकळे पाडायला घ्या. आपल्या भागात उन्हाळ्यात बांधकामाला पाणी मिळेल या भरवशावर राहू नका, 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. संक्रांतीपर्यंत पाया आणि जोतं, होळीपर्यंत भिंती, मृगाच्या आधी छत आणि बाहेरचा चुना. ग्रामपंचायतीची परवानगी आणि मुरमाच्या वापराची तहसीलदाराकडची नोंद आत्ताच उरकून घ्या. बाटलीतले थर मोजून झाले की आकडे मला कळवा, मिश्रणाचं प्रमाण त्यावरून लिहून पाठवते.